उल्रिकेमॅडमच्या घरचा चहा

गरम चहा खडीसाखरेवर ओतला की खडा तडकतो. वाळक्या काटकीवर पाय पडावा तसा बारीक, कोरडा आवाज होतो. ग्रोनिंगनच्या दिवसांबद्दल कुणी विचारलं की मला आधी तो आवाज ऐकू येतो. विद्यापीठ, प्रबंध, काळ्या झग्यांतले प्राध्यापक हे सगळं त्याच्या मागून येतं. मी तिथे संगणकशास्त्रात डॉक्टरेट करायला गेले तेव्हा शहरात विद्यार्थ्यांना खोली मिळणं फार अवघड होतं, आजही आहे. माझ्या मार्गदर्शक उल्रिकेमॅडम यांनी पत्रात लिहिलं होतं, 'खोली सापडेपर्यंत माझ्या घरी राहा. पंधरा दिवसांत सापडेल.' ते पंधरा दिवस चार वर्षं चालले. करमाळ्यासारख्या गावातून आलेल्या, घराण्यात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढलेल्या मुलीला परक्या देशात एक घर मिळालं, आणि ते घरच माझं खरं विद्यापीठ झालं, असं मी आज अगदी निःसंकोच लिहू शकते.

घर कालव्याच्या काठी होतं. विटांचं, अरुंद, आणि जिना इतका उभा की पहिले काही दिवस मी तो शिडीसारखा हातांनी धरून उतरायचे. वरच्या माळ्यावर माझी खोली. खाली मॅडम आणि त्यांच्या आई. आईंना सगळे ओमा म्हणत, म्हणजे आजी. दोघीही जर्मन, सरहद्दीपलीकडच्या एका खेड्यातल्या. मॅडमना दहा वर्षं इथे राहूनही डच धड बोलता यायचं नाही, पण ओमाची खेड्यातली बोली आणि ग्रोनिंगनच्या बाजारातल्या मासेवाल्या बायकांची बोली जवळजवळ एकच होती. त्यामुळे प्राध्यापक लेक भाजी घेताना अडखळायची आणि चौथी शिकलेली आई भाव पाडून यायची. ओमाला याचा फार अभिमान होता. 'ही पुस्तकांशी बोलते, मी माणसांशी,' असं ती म्हणायची. सकाळी ओमाचा रेडिओ, किटलीची शिट्टी आणि मॅडमचं चाकूनं पेन्सिली तासणं, एवढेच आवाज त्या घरात असत. जेवायला राय नावाच्या धान्याचा काळा पाव, उकडून कुस्करलेले बटाटे आणि केल या हिरव्या पाल्याची भाजी. मी रायच्या पिठाच्या भाकरी करून पाहिल्या. उकड काढल्याशिवाय त्या जमत नाहीत हे कळायला महिना गेला. तोवरच्या सगळ्या मोडक्या भाकरी ओमानं लोणी लावून, एक शब्द न बोलता खाल्ल्या.

मॅडमची गोष्ट मला ओमाकडूनच तुकड्यातुकड्यांनी कळली. ओमाचा नवरा वीटभट्टीवर होता, लवकर गेला. ओमा मासळी साफ करण्याच्या कारखान्यात. शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं होतं की मुलगी हुशार आहे, चांगली टायपिस्ट होईल. ती गणित शिकली. तेव्हा संगणकाला प्रोग्राम द्यायचा तर पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यावा लागे. विद्यार्थ्यांना यंत्र मिळायचं ते फक्त रविवारी सकाळी, बाकी गाव चर्चमध्ये असताना. एकदा सायकलवरून पडून मॅडमची हजारभर कार्डं रस्त्यावर पसरली. 'रडली नाही,' ओमा सांगायची. 'तिनं आधीच गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीनं तिरपी रेघ ओढून ठेवली होती. रेघ जुळेपर्यंत कार्डं लावत बसली. चर्चमधून परतणारे लोक मदतीला थांबले, तर त्यांना म्हणते, हात धुतलेत का?' पुढचा रस्ता मात्र रेघ ओढून सुटणारा नव्हता. जर्मनीत डॉक्टरेटनंतर तिच्याहून मोठा दुसरा प्रबंध लिहावा लागे, आणि तो लिहूनही प्राध्यापकपद आपल्या विद्यापीठात मिळत नसे, दुसऱ्या गावी मागावं लागे. दोन-दोन वर्षांच्या नोकऱ्या करत मॅडम सहा गावं फिरल्या. तीनदा निवडीच्या यादीत दुसऱ्या आल्या. त्यातल्या दक्षिण जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या निवड समितीत तिथलेच एक नावाजलेले प्राध्यापक होते, कायम गळ्यात बो लावणारे. त्यांनी विचारलं होतं, 'काम उत्तम आहे. पण हे खरंच हिचं एकटीचं आहे का?' ओमा त्यांना नावानं ओळखत नव्हती. ती फक्त 'तो बोवाला' म्हणायची, आणि म्हणताना बटाट्यात सुरी जरा जोरात घुसायची. शेवटी मॅडमनी एक प्रमेय सिद्ध केलं, ते जगभर पोचलं, आणि त्या प्रमेयाच्या जोरावर ग्रोनिंगननं त्यांना बोलावून प्राध्यापक केलं. घरातल्या भिंतीवर देवाचं चित्र नव्हतं. ते प्रमेय शोधपत्रिकेच्या ज्या अंकात छापलं त्यातलं त्याचं पहिलं पान ओमानं फ्रेम करून लावलं होतं.

आता चहा. रविवारी दुपारी तिघी बसायचो. आधी कपात खडीसाखर, मग काळा चहा, मग कडेनं साय सोडायची आणि ढवळायचं नाही. पहिल्या रविवारी ओमानं माझा कप भरला, मी प्यायले. तिनं परत भरला. मी परत प्यायले. वडीलधाऱ्या बाईनं वाढलेलं नाही कसं म्हणायचं? नऊ कप झाले. माझे कान गरम झाले होते, पोटात पाणी हिंदकळत होतं. ओमा लेकीकडे वळून म्हणाली, 'हिंदुस्थानातल्या मुलींना तळ नसतो का गं?' मॅडमना हसू आवरेना. 'आमच्याकडे पुरे झालं की चमचा कपात ठेवतात,' त्यांनी मला सांगितलं. 'तो दिसेपर्यंत आई ओततच राहणार. तुला तोंडानं सांगवत नसेल तर चमच्यानं सांग.' आता मी बेस्ट नावाच्या डच गावात राहते. माझी नात मराठी सगळं समजते, उत्तर डचमध्ये देते. चार वर्षांची असल्यापासून ती 'खनूख, आजी' म्हणून ताट सारते. खनूख म्हणजे पुरे. तिच्याकडे पाहून मला दर वेळी वाटतं, हा एक शब्द उच्चारायला मला पंचवीस वर्षं लागली, आणि तोही शेवटी मी चमच्यानंच उच्चारला.

त्याआधी आमच्या गिरणीबद्दल सांगायला हवं. माझ्या वडिलांची, अण्णांची, करमाळ्याला पिठाची गिरणी होती. एकच दगडांची जोडी, तिच्यावरच गहू, ज्वारी, बाजरी, डाळ सगळं. मी तिथेच पोत्यावर बसून अभ्यास केला. दगड गुळगुळीत झाले, त्यांना टाकी लावायला, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडायला झाल्या की नाही, ते अण्णा आवाजावरून ओळखत. सगळ्यात वाईट आवाज रिकाम्या दगडांचा. आणि तो यायचा डाळीनंतर. कुणी हरभऱ्याची डाळ दळून नेली की पुढची बाई पुढे यायची नाही, कारण तिच्या पिठात आधीचं बेसन उतरायचं. गहूवाली म्हणायची ज्वारीचं होऊ द्या, ज्वारीवाली म्हणायची बाजरीचं होऊ द्या, बाजरीवाली म्हणायची मला घाई नाही, गव्हाचं होऊ द्या. तिघीही 'तुमचं आधी' म्हणत उभ्या, आणि दगड मोकळे फिरतायत. अण्णा ओरडायचे, 'अगं बायांनो, दगड दगडाला खातोय की!' मग स्वतःच्या डब्यातली ज्वारी मूठभर टाकायचे. ती मूठ कुणाचीच नसायची. तिनं बेसन धुऊन निघायचं आणि रांग हलायची.

मॅडमचं प्रमेय नेमकं अशाच रांगेबद्दल होतं. एका यंत्रावर अनेक प्रोग्राम चालतात. ते एकमेकांसाठी थांबून राहिले तर सगळंच ठप्प होतं. मॅडमनी काही नियम घालून दिले होते आणि सिद्ध केलं होतं की ते पाळले तर असं ठप्प होणं अशक्य आहे. माझा प्रबंध या प्रमेयावर उभा राहणार होता. तिसऱ्या वर्षीच्या शरद ऋतूत मी त्याची सिद्धता शंभराव्यांदा वाचत होते. सातव्या पायरीवर लिहिलं होतं : दोघांत अडत नाही, तर तिघांत किंवा कितीही जणांत अडणार नाही, हे उघड आहे. आणि मला गिरणी ऐकू आली. गहूवाली आणि ज्वारीवाली दोघीच असत्या तर भांडून का होईना, रांग हलली असती. तिघी होत्या म्हणून गोल पुरा झाला होता. मी कागदावर तीन प्रोग्राम मांडले, मॅडमचे सगळे नियम पाळले, आणि ते अडले. पुन्हा मांडले. पुन्हा अडले.

भिंतीवरची फ्रेम माझ्या डोळ्यांपुढे आली. ज्या बाईनं मला घरात घेतलं, माझ्या मोडक्या इंग्रजीतली प्रत्येक ओळ स्वतः बसून नीट केली, तिची सहा गावांची वणवण त्या एका पानावर संपली होती. आमच्या शाळेत मास्तरांचं फळ्यावरचं गणित चुकलं तर आम्ही वहीत बरोबर उतरवून घ्यायचो आणि गप्प बसायचो. मी तेच केलं. माझ्या प्रबंधात एक जास्तीची अट घातली, 'प्रोग्राम दोनच आहेत असं मानू', म्हणजे सातव्या पायरीला धक्काच लागू नये. मॅडमनी कच्चं प्रकरण वाचून विचारलं, 'मंदा, ही अट कशाला?'

'सोपं पडतं, मॅडम.'

'तुला सोपं आवडायला कधीपासून लागलं?'

मी हसून वेळ मारून नेली. पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, नंतर काढू. नऊ आठवडे मी असे काढले. त्या काळात माझ्या भाकऱ्या पुन्हा मोडायला लागल्या आणि ओमा मला सारखी विचारायची, घरून काही वाईट बातमी आहे का?

मग एका रविवारी मॅडम पाकीट हातात घेऊनच चहाला आल्या. दक्षिणेकडच्या त्या विद्यापीठानं, ज्यानं त्यांना नाकारलं होतं, मानाच्या व्याख्यानाला बोलावलं होतं. अध्यक्षस्थानी बोवाले प्राध्यापक. विषय : मॅडमचं प्रमेय. ओमानं हात जोडल्यासारखे केले. मॅडम बोलतच सुटल्या. मी त्यांना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. 'मी फळ्यावर पूर्ण सिद्धता मांडणार, पायरी पायरीनं. त्यांच्यासमोर. सातवी पायरी तर मी पापणी न लववता...' ओमानं त्यांच्या कपात चहा ओतला, खडा तडकला. आणि मी हात लांब करून मॅडमच्या बशीतला चमचा उचलला आणि त्यांच्या भरलेल्या कपात ठेवला.

त्या थांबल्या. दुसऱ्याच्या कपात चमचा ठेवणं हे त्या घरात कुणी कधी केलं नव्हतं. ओमा किटली हातात धरून तशीच उभी.

'सातवी पायरी चूक आहे, मॅडम,' मी म्हटलं.

त्यांनी कागद मागितला नाही. पावाची कागदी पिशवी फाडून माझ्यापुढे सरकवली. मी प्रोग्राम काढायला गेले, पण काढली ती गिरणीच. गहू, ज्वारी, बाजरी, तीन बायका, मधे रिकामे दगड. मॅडमनी एकीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर असं बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं ते भलतंच. 'किती दिवसांपासून ठाऊक आहे तुला?'

'नऊ आठवडे.'

'नऊ आठवडे तू माझ्या टेबलावर जेवतेयस,' त्या म्हणाल्या. 'प्रमेय चुकलं ते मी सोसेन. पण मी कागदाच्या पुलावरून चालत होते आणि तू खालून बघत होतीस, हे कसं सोसू? तुला आदर वाटला असेल. मला तो नको आहे.' इतकं लागलेलं बोलणं मला आयुष्यात कुणी ऐकवलं नाही, आणि इतकं उपयोगीही नाही. मी रडत होते. ओमानं किटली खाली ठेवली आणि लेकीला म्हणाली, 'ओरडून झालं असेल तर तिला विचार, गिरणी पुढे चालली कशी.'

मॅडमनी डोळे मिटले, उघडले. 'हं. तुझ्या वडिलांनी काय केलं मग?'

'मूठभर स्वतःची ज्वारी टाकली.'

त्यांनी ती पिशवी उचलली, चहा तसाच सोडला आणि खोलीत गेल्या. जरा वेळानं आतून हाक आली, 'मंदा! येतेस की मी एकटीनंच करू?'

त्यानंतरचे अकरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते असं म्हटलं तर घरचे रागावतील, पण लिहून ठेवते. आम्ही रांगेत एक जास्तीचा प्रोग्राम घातला, जो स्वतः काहीच करत नाही, कुणासाठी थांबत नाही, आणि रांग अडली की आधी जातो. त्याचं नाव आम्ही 'मूठ' ठेवलं, मॅडम जर्मन उच्चारात 'मूट' म्हणायच्या. तो घातला आणि सातवी पायरी दोघांना, तिघांना, कितीही जणांना पुरली. ओमा जेवण दाराशी ठेवून जायची आणि विचारायची, 'दळून झालं का?'

व्याख्यानाला मॅडम मला घेऊन गेल्या. मी शेवटच्या रांगेत. बोवाल्या प्राध्यापकांनी ओळख करून दिली, मॅडम उभ्या राहिल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, 'ज्या प्रमेयासाठी तुम्ही मला बोलावलंय ते चुकीचं आहे. हे माझ्या विद्यार्थिनीनं शोधलं. ती शेवटच्या रांगेत लपून बसली आहे. मंदा, उभी राहा.' मी उभी राहिले. मग त्यांनी तासभर फळ्यावर चूक मांडली, दुरुस्ती मांडली. संपलं तेव्हा सगळे लोक बाकांवर बोटांच्या पेरांनी ठोकायला लागले. मला वाटलं चिडले. शेजारच्या मुलानं हसत सांगितलं की इथे टाळ्या अशाच वाजवतात. करमाळ्याच्या गिरणीत गर्दीच्या दिवशी बायका डबे आपटतात तसा तो गडगडाट होता, आणि थांबतच नव्हता.

घरी आल्यावर मॅडमनी एक निर्णय सांगितला. तिथे प्रबंधासोबत काही विधानं छापायची पद्धत आहे, आणि जाहीर परीक्षेत उमेदवाराला त्यातल्या कुठल्याही विधानाचं उभं राहून समर्थन करावं लागतं. 'पहिलं विधान माझ्या चुकीचं असेल,' त्या म्हणाल्या. 'आणि परीक्षक म्हणून मी बोवाल्यांना बोलावलंय.' परीक्षेत उमेदवाराच्या दोन बाजूंना दोन पाठीराखे उभे राहतात. बहुतेक जण मित्रांना निवडतात. मी एका बाजूला ओमाला निवडलं. दुसऱ्या बाजूला अण्णांना, जे त्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून आले. विद्यापीठाच्या बाईंनी सांगितलं होतं की काळा कोट लागेल. अण्णांनी लग्नातला काळा कोट धोतरावर घातला, डोक्यावर पांढरी टोपी, आणि विचारलं, 'मंदे, मला नेमकं काय करायचंय?'

'नुसतं उभं राहायचं, अण्णा.'

'ते तर मी रोजच करतोय गिरणीत.'

चांदीची काठी घेतलेला चोपदार पुढे, त्याच्यामागे काळ्या झग्यांतले प्राध्यापक, असे सगळे आत आले. तिथली परीक्षा बरोबर पाऊण तासाची असते, मिनिटभरही जास्त नाही. शेवटचे प्रश्न बोवाल्यांचे होते. त्यांनी पाठीराख्यांपैकी कुणीतरी पहिलं विधान वाचून दाखवावं असं सांगितलं. ओमानं चष्मा लावला आणि बाजारातल्या आवाजात वाचलं, 'माझ्या मार्गदर्शकांचं प्रमेय ज्या रूपात छापलं गेलं त्या रूपात ते खोटं आहे.' मग चष्मा काढून स्वतःच्या मनानं जोडलं, 'लहानपणापासून सांगतेय, घाई करू नकोस म्हणून.' सभागृह हसलं. मॅडम सगळ्यात जोरात.

बोवाले हसले नाहीत. 'म्हणजे ज्या कामावर तुमच्या मार्गदर्शकांना खुर्ची मिळाली, ते चूक होतं? हो किंवा नाही.'

समोर झग्यात मॅडम बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली नाही, डोळ्यांनीही काही सुचवलं नाही. मला एकटीलाच बोलायचं होतं. 'हो,' मी म्हटलं. 'चूक होतं. आधी ते दोघांना पुरायचं. आता कितीही जणांना पुरतं. चूक सापडली म्हणून ते मोठं झालं.'

'आणि ही दुरुस्ती?' त्यांनी विचारलं. 'ही नेमकी कुणाची? तुमची एकटीची?'

तोच प्रश्न, इतक्या वर्षांनी. ओमानं माझं कोपर घट्ट धरलं. मला मुळीच भीती वाटली नाही. 'नाही. मूठ माझ्या वडिलांची आहे, गिरणीत ते रोज टाकतात. आकृती माझी. सिद्धता मॅडमची आणि माझी, दोघींची. कुणाचं किती ते आम्हाला मोजता येत नाही, आणि वडील इथेच उभे आहेत, त्यांना...' तेवढ्यात दार उघडलं, काठीचा ठोका पडला आणि चोपदार मोठ्यानं म्हणाला की वेळ संपली. नियम असा की अर्ध्या वाक्यातच थांबायचं. मी थांबले. आणि बोवाल्या प्राध्यापकांनी झग्याच्या बाहीतून हात काढून समोरच्या लाकडावर पेरांनी ठोकलं. एकदा, दोनदा. मग सगळ्यांनीच. अण्णांना वाटलं आता आपणही काहीतरी करायचं असतं, म्हणून त्यांनी बाकावर दणकन थाप मारली.

डॉक्टर म्हणून माझं नाव पुकारलं गेल्यावर मॅडमना मार्गदर्शक म्हणून दोन शब्द बोलायचे होते. त्या एवढंच म्हणाल्या, 'माझी आई म्हणते मी पुस्तकांशी बोलते. ही मुलगी आली तेव्हा तीही तशीच होती. आता आम्हा दोघींनाही माणसांशी बोलता येतं.'

संध्याकाळी घरी चहा होता. बोवालेही आले. त्यांना मॅडमनीच आग्रह केला होता. ते दक्षिणेकडचे, त्यांना आमच्या घरचा रिवाज ठाऊक नव्हता. ओमा त्यांच्या शेजारीच बसली होती. कप रिकामा झाला की ती गोड हसून भरत होती. खडा तडकत होता. चौथा कप झाला, पाचवा झाला. त्यांनी बो सैल केला. सहाव्याला त्यांच्या कपाळावर घाम आला. मी मॅडमकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेरचा कालवा फार लक्ष देऊन पाहत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. इतक्या वर्षांचं सगळं त्या किटलीतून निघत होतं, आणि कुणाचीच ते थांबवायची इच्छा नव्हती, माझीसुद्धा.

अण्णा कोपऱ्यात बशीत चहा ओतून पीत बसले होते. त्यांना यातली कुठलीच भाषा येत नव्हती, पण दोन दिवस ते टेबलावरचं सगळं न्याहाळत होते. ते उठले, टोपी सारखी केली, प्राध्यापकांजवळ गेले, त्यांच्या बशीतला चमचा उचलला आणि हळूच त्यांच्या कपात ठेवला.

'बास आता, आजी,' ते ओमाला मराठीत म्हणाले. 'पाव्हण्याचं झालंय.'

ओमानं किटली खाली ठेवली.